गलाईवाल्याचा मुलगा आणि आठ महिन्यांचा करार

विट्याजवळच्या एका गावातून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांनी २८ वर्षे कोइमतूरला गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा केला आणि टेंभू उपसा योजनेचे पाणी शिवारात आल्यावर ते गावी परतून डाळिंबाची बाग करू लागले. त्यांचा मुलगा कोइमतूरच्या शाळेत बास्केटबॉल शिकला. आज तो २४ वर्षांचा, ६ फूट ७ इंच उंचीचा असून क्रीडा कोट्यातून एका सरकारी विभागात नोकरीला आहे आणि त्या विभागाच्या संघाकडून खेळतो. गेल्या वर्षी बिनपगारी रजा काढून तो आशियातील एका देशात ४ महिने खेळून आला; तिथल्या क्लबने शेवटच्या दीड महिन्याचे मानधन अजून दिलेले नाही. आता एका एजंटाने युरोपातील दुसऱ्या श्रेणीच्या एका लीगचा प्रस्ताव आणला आहे. मुदत ८ महिने, महिना १,४०० युरो, शिवाय राहणे आणि जेवण क्लबकडे. त्यानंतरचा हंगाम तिसऱ्याच देशात. 'फाइल चार्जेस' म्हणून एजंट अडीच लाख रुपये आधी मागतो आहे. मुलगा नोकरीचा राजीनामा द्यायला निघाला आहे. वडील विचारतात : "दरवर्षी देश बदलायचा, म्हणजे कोणी ठेवून घेत नाही असाच अर्थ ना? एनबीएत (अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये) जाणार नसेल, तर ही वणवण कशासाठी? मुलीकडचे विचारतात मुलगा नेमके करतो काय, त्यांना काय सांगू? मी त्याला अडवावे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध तुम्ही लावलेला दिसत नाही. पहिल्या पानावर तुम्ही लिहिता की पहिली ६ वर्षे तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात भट्टीपुढे काढली, त्या काळात तीन मालक झाले आणि चौथ्या ठिकाणी स्वतःचे दुकान टाकले. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिता की मुलाचा क्लब दर वर्षी बदलतो, त्या अर्थी त्याच्यात काहीतरी कमी असणार. तुमचे मालक बदलले ते तुम्ही मुशीतले सोने सांडत होता म्हणून नव्हे. काम शिकून झाले, पगार वाढेना, कुठे मालकाच्या भावाचा मुलगा धंद्यात आला. कारणे अशीच असतात. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतून निघून देशभरच्या सराफ पेठांत पोहोचलेल्या हजारो गलाई बांधवांना कोणी अस्थिर म्हटलेले मी ऐकलेले नाही. उलट दसऱ्याला ते गावी आले की त्यांच्या बंगल्यांकडे बोट दाखवून मुलांना धंद्याचे कौतुक सांगितले जाते. मग तोच नियम बास्केटबॉलला लावताना तुमचा हात का आखडतो, एवढे आधी स्वतःला विचारून पाहावे.

आता या खेळाची रीत सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळेच अर्धी काळजी निर्माण झाली आहे. अमेरिकेबाहेरच्या बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते आणि त्यांचा करार बहुधा एकाच हंगामाचा असतो. अशा खेळाडूला त्या जगात 'इम्पोर्ट' म्हणतात. शब्दातला मालाचा वास लपत नाही, पण तो सर्रास वापरला जातो. क्लबचा प्रायोजक बदलला, प्रशिक्षक बदलला, संघ खालच्या श्रेणीत घसरला किंवा स्थानिक मुलांतच एखादा उंच खेळाडू तयार झाला, तरी इम्पोर्टचा करार पुढे चालत नाही. युरोपातील हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा चालतो, ऑस्ट्रेलियातील एनबीएल लीग फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आटोपते आणि न्यूझीलंडची लीग त्यानंतर सुरू होऊन जुलै-ऑगस्टपर्यंत जाते. त्यामुळे एकाच वर्षात दोन देशांत खेळणे हा अनेक खेळाडूंचा नेहमीचा रिवाज आहे. आपल्याकडे कुंडलच्या मैदानात कुस्ती मारलेला मल्ल पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या फडात उतरतो, तेव्हा कुंडलकरांनी त्याला ठेवून घेतले नाही असे कोणी म्हणत नाही.

अर्थात प्रत्येक बदल निर्दोष असतो, असेही मला म्हणायचे नाही. हंगाम अर्धा असताना क्लबने परत पाठवले असेल, सामन्यात मिळणारी मिनिटे महिन्यागणिक घटत गेली असतील किंवा पुढचा करार आधीच्यापेक्षा लहान आणि खालच्या लीगचा असेल, तर ती उतरण आहे आणि ती वेळीच ओळखावी. म्हणून मुलाला 'देश का बदलतोस' असे विचारण्यापेक्षा, गेल्या वर्षी तो सरासरी किती मिनिटे खेळला आणि त्या क्लबच्या प्रशिक्षकाने पुन्हा बोलावले का, हे विचारावे. पत्रात याचा उल्लेख नाही. मला वाटते तुम्ही त्याला हे विचारलेलेच नाही.

एनबीएचा प्रश्न लवकर मिटवता येतो. त्या लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या मुख्य यादीत १५ खेळाडू, म्हणजे सगळ्या जगातून साडेचारशेच्या आसपास जागा. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग याला २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला तो पहिलाच असा खेळाडू. तरीही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो एनबीएच्या विकास-लीगमध्ये त्या संघाशी संलग्न संघाकडून खेळला, नंतर कॅनडातील लीगमध्ये खेळला आणि पुढे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला, हे आपल्या कुस्तीवेड्या जिल्ह्यात आवर्जून सांगण्यासारखे आहे. भारतीय वंशाचा सिम भुल्लर हा कॅनडाचा खेळाडू २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत उतरला खरा, पण तो तीन सामने खेळला; त्याची कारकीर्द उभी राहिली ती नंतर तैवानमध्ये. पंजाबचा अमृतपाल सिंग उशिरा या खेळाकडे वळला, जपानमध्ये खेळला आणि २०१७ मध्ये सिडनी किंग्जने त्याला घेतले. केरळची गीतू अ‍ॅना जोस रेल्वेच्या संघाची खेळाडू. ती ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेतील महिलांच्या लीगच्या निवड चाचण्यांपर्यंत पोहोचली. यांपैकी कोणाची वाट सरळ वर चढत गेलेली नाही. एनबीएत पाय रोवले नाहीत म्हणून ही सगळी माणसे फुकट गेली, असे तुम्ही म्हणणार नाही. मग घरातल्या मुलाला तेवढी मोजपट्टी लावू नये.

एवढे मुलाच्या बाजूने झाले. आता त्याला न आवडणारा भाग.

तुम्ही आयुष्यभर गुंजेचा हिशेब ठेवला आहे, तेव्हा हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर दिसायला हवा होता. मुलाच्या उत्साहात की स्वतःच्या रागात तो राहून गेला, कोण जाणे. एक युरो सोयीसाठी १०० रुपयांचा धरू. १,४०० युरोप्रमाणे ८ महिन्यांचे ११ लाख २० हजार रुपये होतात. त्यांतून एजंटाचे अडीच लाख वजा. उरलेले ४ महिने क्लब काही देत नाही, पण शरीर तर ठेवावेच लागते. व्यायामशाळा, फिजिओ आणि त्या उंचीच्या माणसाचा आहार यांवर महिना ३० हजार धरले, तर १ लाख २० हजार गेले. हाती राहिले साडेसात लाख. तुम्ही कळवल्याप्रमाणे आजच्या नोकरीत त्याला महिना ४५ हजार मिळतात, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार. फरक पडला २ लाख १० हजारांचा. आणि गेल्या वर्षीसारखे शेवटच्या दीड महिन्याचे पैसे बुडाले, तर १,४०० युरोच्या दराने ती रक्कम बरोबर २ लाख १० हजारच होते. तिकडे खोलीभाडे आणि जेवणाचा खर्च वाचतो हे खरे आहे. पण इकडे निवृत्तिवेतनात विभागाचा वाटा जमा होतो आणि आजारपणाची सोय असते, हेही तितकेच खरे. शिवाय ते १,४०० युरो कर कापून हातात येणारे की करापूर्वीचे, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. युरोपातील करारांत 'नेट' हा शब्द असला, तर कर क्लब भरतो. तो शब्द नसेल, तर माझा वरचा हिशेब आणखी खाली येईल. थोडक्यात, पैशासाठी नोकरी सोडण्यात अर्थ नाही. खेळासाठी सोडायची असेल, तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलता येईल.

अडीच लाखांबद्दल मात्र मला दुमत दिसत नाही. ते देऊ नयेत. या खेळाची जागतिक संघटना म्हणजे फिबा एजंटांना परीक्षा घेऊन परवाना देते आणि परवानाधारकांची यादी तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. करार झाल्यावर कराराच्या रकमेच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत मेहनताना, तोही बहुतेक वेळा क्लबकडून घ्यायचा, अशी या धंद्यातली प्रथा आहे. खेळाडूकडून आधी रोख मागणारा माणूस खेळाडू विकत नाही, व्हिसा विकतो. तो 'आधी पर्यटक व्हिसावर जाऊ द्या, कामाचा परवाना क्लब नंतर काढेल' असे सांगू लागला, तर बोलणे तिथेच थांबवावे. त्या व्हिसावर ९० दिवसांपलीकडे राहता येत नाही आणि पगारावर खेळण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. पकडला गेला तर परत पाठवला जाईल तो मुलगा, एजंट नव्हे.

करार हातात आला की तो मुलाने एकट्याने मोबाइलवर वाचू नये. कागदावर छापून घ्यावा आणि तुम्ही दोघांनी तो एका संध्याकाळी, पेन घेऊन, एकेक कलम मराठीत लिहीत वाचावा. इंग्रजी येत नाही म्हणून तुम्ही बाजूला बसू नका. 'पगार कोणत्या तारखेला', 'उशीर झाला तर काय' हे प्रश्न तुमच्याइतके नेमके दुसरे कोणी विचारणार नाही. संपूर्ण हंगामाची हमी आहे की पहिले काही आठवडे चाचणीचे आहेत, पोहोचल्यावरच्या वैद्यकीय तपासणीत नापास ठरवले तर परतीचे तिकीट कोणाचे, खेळताना दुखापत झाली तर पगार चालू राहतो का आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करते, हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटला, तर मैदानावर परतायला ९ महिने ते वर्ष जाते. ८ महिन्यांच्या करारात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. सर्वांत महत्त्वाचे कलम तंट्याचे. फिबाने २००७ मध्ये अशा वादांसाठी एक लवाद स्थापन केला; इंग्रजीत त्याला संक्षेपाने 'बॅट' म्हणतात आणि त्याचे पीठ जिनिव्हाला आहे. त्याचा निकाल क्लबने पाळला नाही, तर त्या क्लबला नवे परदेशी खेळाडू नोंदवण्यास फिबा मनाई करू शकते, म्हणून क्लब त्याला वचकून असतात. मात्र वाद या लवादाकडे नेण्याचे कलम करारात असेल तरच तो दरवाजा उघडतो. एवढ्या एका परिच्छेदासाठी सही एक आठवडा लांबली, तरी चालेल.

नोकरीकडे येऊ. 'नोकरी की खेळ' अशी मांडणी तुम्ही दोघांनीही केली आहे, फक्त तुम्ही एका टोकाला आहात आणि तो दुसऱ्या. गेल्या वर्षीच्या बिनपगारी रजेमुळे त्याचा परिविक्षा कालावधी (नोकरीत कायम होण्यापूर्वीचा चाचणीचा काळ) लांबला असून तो आता डिसेंबरअखेर संपणार आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या मते पत्रातली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे. कायम होण्यापूर्वी राजीनामा दिला, तर परतीची वाट राहत नाही. कायम झाल्यावर दीर्घ रजा, परदेशी जाण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र आणि पदावरील धारणाधिकार, म्हणजे मूळ पद राखून ठेवण्याचा हक्क, यांबद्दल निदान रीतसर अर्ज तरी करता येतो. परवानगीशिवाय बाहेर पगारावर खेळणे सेवा नियमांत बसत नाही, त्यामुळे 'आजारपणाची रजा टाकून जाऊ' असला सल्ला सहकाऱ्यांकडून आला, तर तो ऐकू नये. भरतीच्या वेळी ठरावीक वर्षे विभागाकडून खेळण्याचे बंधपत्र लिहून दिले आहे का, तेही जुन्या कागदांत पाहावे. आणखी एक अडचण पुष्कळांना विमानतळाच्या तोंडावर कळते : एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आधीच्या देशाच्या महासंघाचे 'लेटर ऑफ क्लिअरन्स' लागते. त्याची शेवटची नोंदणी भारतात असेल, तर ते पत्र भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून निघेल, म्हणजेच विभागाला अंधारात ठेवून जाणे तसेही शक्य नाही.

डिसेंबरपर्यंत थांबला तर हंगाम बुडेल, असे मुलगा म्हणेल. पूर्ण बुडणार नाही. हंगामाच्या मध्यावर, जानेवारीच्या आसपास, अनेक क्लब आपले न चाललेले किंवा जखमी झालेले परदेशी खेळाडू बदलतात आणि त्या वेळी चार-पाच महिन्यांचे करार निघतात. तेही हुकले तर एप्रिलच्या सुमारास सुरू होणाऱ्या लीग आहेत. अडवणे आणि थांबायला सांगणे यांत अंतर आहे. डिसेंबरपर्यंत थांब, असे तुम्ही त्याला हक्काने सांगू शकता. त्यानंतर विभागाने रजा नाकारली आणि हातात हमीचा, लवादाच्या कलमाचा, आधी पैसे न मागणाऱ्या एजंटाचा करार असला, तर मी मुलाच्या बाजूने उभा राहीन आणि राजीनामा देऊ द्या असे म्हणेन. चोविसाव्या वर्षी पुढे दहाएक हंगाम खेळण्यासारखे असतात. ते कोणी व्याजाने परत देत नाही. काही वाचकांना हा सल्ला बेजबाबदार वाटेल, याची मला कल्पना आहे. क्रीडाशिक्षक असताना, भीतीपोटी घरी थांबलेली आणि चाळिशीत प्रत्येक सामन्याला प्रेक्षकांत येऊन बसणारी उंच माणसे मी पाहिली आहेत, त्याचा परिणाम या मतावर झाला असेल.

व्हिडिओ कॉलबद्दल तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवर मी थांबलो. खाट आखूड असल्याने मुलाने पायथ्याशी सुटकेस उभी करून तिच्यावर उशी ठेवली होती आणि पाय त्यावर टेकवून तो तुमच्याशी बोलत होता. तुम्हाला त्यात हाल दिसले. मला त्यात हे दिसले की मुलगा परक्या खोलीत स्वतःची सोय स्वतः करायला शिकला आहे. तुम्हीही कधीकाळी दुकानाच्या माळ्यावर, तेजाबाच्या वासात झोपत होता, असे तुम्हीच लिहिता. तरीही एकटेपणाला हलके लेखू नये. संघ हरला की इम्पोर्टशी ड्रेसिंग रूममध्ये कोणी बोलत नाही आणि बाहेर बोलायला भाषा नसते. त्याने पराभवानंतर फोन केला, तर 'परत ये' हे तुमचे पहिले वाक्य नसावे. जाण्यापूर्वी भात, आमटी आणि अंडी एवढे तरी त्याला नीट करता यावे. परदेशी दुकानातून घेतलेली ताकदीची पावडर क्लबच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये, हे तर दोनदा सांगावे. उत्तेजक चाचणीत अडकून सतनाम सिंगवरही दोन वर्षांची बंदी आली होती.

मुलीकडच्यांना सरळ सांगावे की मुलगा करारावर खेळतो, वर्षातले आठ महिने बाहेर असतो आणि अमुक इतके मिळवतो. गलाईच्या घरांत लग्न करून आलेल्या सुनांना हे गणित नवे नाही. तुमच्या सौभाग्यवतींना त्या बोलण्यात पुढे बसवावे. जी स्थळे एवढ्यावर मागे जातील, ती जाऊ द्यावीत.

राहता राहिले गेल्या वर्षीचे थकलेले मानधन. तुम्ही ते बुडाल्यात धरले आहे, तसे धरू नये. जुना करार काढून त्यात लवादाचे कलम आहे का ते पाहावे. असो वा नसो, मुलाने थकीत रक्कम, तिच्या देय तारखा आणि पैसे जमा करण्याची मुदत लिहून क्लबला या आठवड्यात ईमेल पाठवावी आणि तिची प्रत आपल्या व तिथल्या महासंघाला द्यावी. लवादाकडे जायचे तर शुल्क भरावे लागते, म्हणून आधी हा मार्ग. नव्या हंगामासाठी परदेशी खेळाडूंची नोंदणी सुरू होण्यापूर्वी ती ईमेल पोहोचली, तर क्लबला उत्तर देण्याची घाई असते. नोंदणी उरकल्यावर तीच ईमेल महिनोन्महिने कोणी उघडत नाही.